कौतिकाच्या लग्नाची बातमी

आमच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं पाहायची असली की आधी एका रजिस्टरमध्ये नाव, गाव आणि कारण लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात बहुतेक लोक ‘जात पडताळणी’ लिहितात, नाहीतर ‘कोर्ट केस’. त्या दिवशी टेबलापलीकडच्या बाईंनी तिथं ‘माय’ एवढंच लिहिलं आणि पेन माझ्याकडे सरकवला.

"असं नाही चालत हो," मी म्हटलं. "कशासाठी पाहायचे पेपर ते लिहा."

"तेच त लिवलं मॅडम."

मी चष्म्यावरून पाहिलं. साठी ओलांडलेली बाई, इस्त्रीची कॉटनची साडी, हातात पाण्याची बाटली. नाव विशाखा. नेरहून सकाळच्या एसटीनं यवतमाळला आल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. नेरकडे त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, तेव्हा मीही सिस्टरच म्हणायला लागले.

मी इथली ग्रंथपाल. पुस्तकं देणं-घेणं बाकीचे करतात, माझ्याकडे जुन्या फायली. आमच्या भाषेत फाईल म्हणजे सहा महिन्यांचे अंक एकत्र शिवून, वर पुठ्ठा चढवून केलेलं जाडजूड बाड. जानेवारी ते जूनचं एक, जुलै ते डिसेंबरचं दुसरं. यांना इंडेक्स नसतो. म्हणजे कुठल्या पानावर काय आहे हे सांगणारं काही नाही, पान उलटायचं आणि वाचायचं. लोकांना वाटतं मी कॉम्प्युटरवर नाव टाकीन आणि त्यांचा पणजोबा बाहेर येईल. कसचं काय. धुळीनं माझं नाक मात्र बारा महिने गळत असतं.

"आता सांगा," मी म्हटलं, "आईचं काय शोधायचं?"

सिस्टरनी सगळं एका दमात सांगितलं. बहुतेक बसमध्ये घोकत आल्या असाव्यात. त्या दोन वर्षांच्या असताना आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. वडील शाळेत मास्तर, देवराव त्यांचं नाव. आईच्या माहेरच्यांशी त्यांचं काहीतरी बिनसलं आणि ते पुसदकडची नोकरी सोडून नेरला आले. दुसरं लग्न केलं. सावत्र आई चांगली मिळाली. पण घरात पहिल्या बायकोचा विषय काढायचा नाही, असा मास्तरांचा शिरस्ता होता. फोटो नाही, माहेरचं गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. सुजाता हे नाव तेवढं माहीत.

"मंग बाबा गेले. आता मोठी माय बी गेली," सिस्टर म्हणाल्या. मोठी माय म्हणजे सावत्र आई. "जाता जाता मले म्हणे, तुह्या मायच्या लग्नाची बातमी पेपरात आलती. तुह्या बापानं देलती. तवा म्हटलं, पाहू. माह्या मायले पाह्यलेलं एखांदं मानूस जिवंत असन, तर त्याले इचारते ना, कशी होती म्हणून. मले एवढंच पायजे. दुसरं काईच नाई."

त्या बोलताना रडल्या नाहीत, ही गोष्ट मला आवडली. समोर कोणी रडलं की मला काय करावं ते कळत नाही, मी उठून पंख्याचा स्पीड वाढवते.

लग्नाच्या बातमीवरून माणूस शोधणं हे अवघड असलं तरी अशक्य नसतं. जन्माची बातमी कोणी छापत नाही. मरणाची छापली तर त्यात एकाच घराचा पत्ता लागतो. लग्नाच्या बातमीत मात्र दोन घरं येतात, दोन गावं येतात, बापांची नावं येतात. शिवाय आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. मग ती आयुष्यभर सासरच्या नावानं ओळखली जाते, आणि पुढं मुलांना आईचं माहेरचं नावसुद्धा माहीत नसतं. ते नाव शेवटचं छापलं जातं ते लग्नाच्या बातमीत.

मी हिशेब मांडला. मास्तरांचं घराणं बौद्ध. लग्न धर्मांतरानंतर झालं आणि सिस्टरच्या जन्माच्या आधी. म्हणजे फार तर चार वर्षांची मुदत. त्या काळात जिल्ह्यातून निघणारं, आता बंद पडलेलं एक साप्ताहिक आमच्याकडे जवळपास पूर्ण आहे. मास्तर लोक त्यालाच बातम्या पाठवत.

"सापडेल," मी म्हटलं. असं मी एरवी कोणाला म्हणत नाही.

लग्न शोधायची माझी एक पद्धत आहे. जानेवारी ते जूनची फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहायची. जुलै ते डिसेंबरच्या फाईलचं फक्त शेपूट, तुळशीच्या लग्नानंतरचं. मधल्या चातुर्मासात लग्नंच लागत नाहीत, तर ते अंक चाळून डोळे कशाला फोडायचे? नोकरीला लागले तेव्हापासून मी असंच करत आले आणि त्यानं माझं अर्धं काम वाचत आलं.

सिस्टर आठवड्यातून एकदा यायच्या. मी एक फाईल घ्यायचे, त्यांना एक द्यायचे. लग्नाच्या बातम्या शेवटच्या पानावर असतात, कापसाचे भाव, ऑइल इंजिनच्या जाहिराती आणि हरवल्या-सापडल्याच्या मध्ये कुठंतरी कोंबलेल्या. पण सिस्टर अख्खं पान वाचायच्या. तेही तोंडानं.

"सिस्टर, म्हशीची जाहिरात वाचू नका. आपल्याला लग्न पाहिजे."

"वाचू द्या ना मॅडम. हरवली म्हणते बिचारी. पुढच्या अंकात सापडली का नाई, ते पाहून राह्यली."

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांनी बीपीचं मशीन आणलं आणि आमच्या सगळ्या स्टाफचं बीपी तपासलं. आमचे सचिव साहेब तेव्हाच नेमके आत आले. साहेब शिस्तीचे. मला बाजूला बोलावून म्हणाले, "मॅडम, हे वाचनालय आहे का दवाखाना? आणि तुम्ही काय डिटेक्टिव्ह एजन्सी खोलली का? कॅटलॉगचं काम पडलंय तिकडे."

"कॅटलॉग होऊन जाईल साहेब."

"केव्हा?"

मी उत्तर द्यायच्या आधी सिस्टर मागून म्हणाल्या, "साहेब, तुमचा चेहरा काहून असा सुजल्यासारका दिसते? बसा, हात द्या." साहेब बसले. मशीनवरचा आकडा पाहून सिस्टरनी त्यांना जेवणातल्या मिठावरून असं काही झापलं की शिपायानंसुद्धा तोंड फिरवलं. त्यानंतर साहेबांनी कॅटलॉगचा विषय काढला नाही. मिठाचाही काढला नसावा.

पण बातमी काही मिळेना. चारही वर्षांच्या लग्नसराया संपल्या. पाटलांची लग्नं मिळाली, वकिलांची मिळाली, दोघा देवरावांचीही मिळाली, पण ते मास्तर नव्हते. बौद्ध पद्धतीची काही लग्नं मिळाली, त्यांत आमचं नव्हतं. शेवटची फाईल मी मिटली तेव्हा सिस्टर माझ्याकडे बघत होत्या आणि मी पुठ्ठ्याकडे.

"नाही हो, सिस्टर," मी म्हटलं. "नसेल छापली. किंवा दुसऱ्या कुठल्या पेपरात असेल, तो आपल्याकडे नाही."

"जाऊ द्या मॅडम. तुमी लय केलं." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा काढून पुसला. मला फार वाईट वाटलं. जात पडताळणीचा कागद नाही मिळाला तर माणूस चिडतो, भांडतो, दुसऱ्या ऑफिसात जातो. ही बाई कुठं जाणार होती?

तेवढ्यात माझ्या भावाचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलेलं, पण मुलाकडच्यांनी दिवाळीआधीचा मुहूर्त नाही म्हणून सगळं पुढं ढकललं होतं आणि पुसदचे सगळे हॉल बुक झाले होते. भाऊ माझ्यावरच ओरडत होता, जसे काही मुहूर्त मीच काढते. फोन ठेवून मी सिस्टरना म्हटलं, "डोकं उठवलंय नुसतं मुहूर्तांनी."

"आमच्यात ते झंजट नाई," सिस्टर डबा पिशवीत भरत म्हणाल्या. "माहं लग्न त पितृपक्षात लागलं."

"पितृपक्षात?"

"हाव. बाबाचा हट्टच राहे. ज्या दिवसाले लोक वाईट म्हणते, त्याच दिवशी करून दाखवू म्हणत. काकाचं, आत्याचं, सगळ्याईचे लग्नं त्याईनं भादव्यातच लावले. मंडपवाला रिकामा, वाजंत्री रिकामे. आत्या त जिती होती तवर चिडवे का माह्या लग्नात पाहुन्याईपेक्षा चिखल जास्त होता."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "सिस्टर, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाई. तुमी म्हणे, अमक्या महिन्यातले पेपर पाहा. आमी पाह्यले. मले वाटलं, तुमाले मालूम असन."

मला काय डोंबल मालूम होतं. ज्या माणसानं सगळ्या घराची लग्नं भादव्यात लावली, तो स्वतःचं वैशाखात कशाला लावेल? आणि मी इतक्या वर्षांत किती जणांना ‘नाही मिळालं’ म्हणून परत पाठवलं असेन, हा विचार मनात आला तो मी तिथंच दाबला. आधी समोरचं काम.

जुलै ते डिसेंबरच्या फायली पुन्हा खाली काढल्या. या वेळी शेपूट सोडून पोट वाचायला घेतलं. सिस्टरनी परतीची एसटी सोडली. दुसऱ्या फाईलमध्ये, पोळ्यानंतरच्या एका अंकात, सरकी विकणाऱ्याच्या जाहिरातीखाली ती होती. आधी मला दिसली.  मी फाईल फिरवून त्यांच्यापुढं ठेवली आणि ओळीखाली बोट ठेवलं.

सिस्टर नेहमीसारख्या तोंडानं वाचायला लागल्या. पुसद तालुक्यातील अमुक गावच्या सखाराम यांची सुकन्या कु. कौतिका आणि देवराव मास्तर यांचा मंगल परिणय बौद्ध पद्धतीने साधेपणाने पार पडला. मुहूर्त, हुंडा व वाजंत्री यांस फाटा देण्यात आला. वधूचे नाव सुजाता ठेवण्यात आले. वधूचा धाकटा बंधू चि. नामदेव, वय सात, याने त्रिशरण व पंचशील खणखणीत आवाजात म्हटले, त्याचे सर्वांस कौतुक वाटले.

वाचून झाल्यावर त्या पहिल्या ओळीवर परत गेल्या.

"कौतिका," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, नोकरीत मी केवढ्या बायाईचे नावं लिवले असतीन. बाळंतपनाले बाई आली का पैले तिचं नाव इचारा लागे. अन् माह्या मायचं नाव मले आज मालूम झालं."

मी उठले आणि पंखा वाढवला.

साहेबांना मी बातमी दाखवली. त्यांनी ती उभ्यानंच दोनदा वाचली. "झालं ना मग काम? फायली ठेवून द्या जागेवर."

"अर्धं झालं साहेब. हा नामदेव तेव्हा सात वर्षांचा होता. म्हणजे आज असू शकतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ऑफिसचा फोन माझ्याकडे सरकवला.

जुन्या पुसद तालुक्यातलं ते गाव आता महागाव तालुक्यात मोडतं. महागावच्या वाचनालयात माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांनी बाजाराच्या दिवशी त्या गावच्या लोकांकडे चौकशी केली आणि मला नंबर आणून दिला. नामदेवराव होते. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन गावी शेती बघत होते, कापूस आणि सोयाबीन.

मी फोन लावला. माझी ओळख सांगितली आणि म्हटलं, "देवराव मास्तरांची मुलगी तुम्हाला शोधून राहिली."

 पलीकडून आवाज आला, "देवराव मास्तरशी आमचा काई संबंध नाई." आणि फोन बंद.

हे सिस्टरना सांगणं मला जड गेलं. मी फोनवरच सांगितलं, समोर सांगायची हिंमत नव्हती. त्या म्हणाल्या, "असन बापा त्याईचा राग. आपण काय करू शकतो? तुमी आता नोका तरास घेऊ." आवाज अगदी साधा होता. बातमी सापडली नव्हती तेव्हा परवडलं, असं मला वाटलं. तेव्हा निदान नकार द्यायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही ते डोक्यातून जाईना. मास्तर जाऊन जमाना झाला, त्यांचा राग या बाईनं का भोगायचा? मी जरा तापट आहे, हे माझ्या घरचे सांगतील. मी पुन्हा नंबर लावला आणि ते काही बोलायच्या आत म्हटलं, "नामदेवराव, काल माझं चुकलं. मास्तरांची मुलगी नाही म्हणायला पाहिजे होतं. कौतिकाताईंची मुलगी तुम्हाला शोधतेय."

या वेळी फोन बंद झाला नाही.

"कौतिका हे नाव तिले कोनं सांगतलं?" त्यांनी विचारलं. "ते नाव त मास्तरनं बंदच करून टाकलं होतं."

"जुन्या पेपरात आहे. लग्नाची बातमी. तुमचंही नाव आहे त्यात."

"माहं?"

"चिरंजीव नामदेव, वय सात. खणखणीत आवाजात त्रिशरण म्हटलं, सर्वांना कौतुक वाटलं, असं छापलंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "कवा येऊ?"

ते आले त्या दिवशी सिस्टर कधीच्या येऊन बसल्या होत्या. नामदेवराव पांढरा शर्ट-पायजमा घालून, डोक्याला रुमाल बांधून आले. ताठ माणूस. त्यांनी सिस्टरकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "पेपर दाखवा." मी फाईल उघडून दिली. त्यांना बारीक अक्षर दिसेना. त्यांनी खिसे चाचपले, चष्मा घरीच राहिला होता. मग सिस्टर उठल्या, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती बातमी वाचून दाखवली.

ऐकून झाल्यावर नामदेवरावांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आवाज तिचाच हाय," ते मला म्हणाले. मग सिस्टरना म्हणाले, "बस."

दोघं बसले. मी उठून जायला लागले तर सिस्टरनी माझा हात धरला, म्हणून थांबले.

"तुही माय लय मारकुटी होती," नामदेवराव म्हणाले. "मले नदीवर नेऊन दगडानं घासे. रडलो का अजून घासे. अन् घरी आल्यावर तिच्या वाटची भाकर मलेच दे. त्रिशरण तिनंच पाठ करून घेतलं माह्याकडून, चुकलो का कान पिळे. हासे तवा तोंडावर पदर घे, दात पुढं होते म्हणून." त्यांनी सिस्टरच्या तोंडाकडे बोट केलं. "तुह्यासारके."

सिस्टर हसल्या, आणि हसताना त्यांचा हात तोंडावर गेला. इतक्या आठवड्यांत त्यांची ही सवय मी पाहिली होती, तिचं काही विशेष वाटलं नव्हतं.

"ती गेली तवा पावसाचे दिवस होते," नामदेवराव पुढं म्हणाले. "नाल्याले पूर. गाडी दवाखान्यापर्यंत निघालीच नाई. माह्या बापानं म्हटलं, मास्तरनं पोरगी मारली. आता समजते, त्यात मास्तरचा काय दोष? पन तवा कोन आयकते? आमी तुले आणाले गेलतो. मास्तरनं देलं नाई. मंग आमी बी पाठ फिरवली. तू एवढीशी होती बाई. तुह्यावर कायचा राग? पन तुले बी सोडलं आमी." त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "वीस वर्सं पुसद-अमरावती गाडी चालवली मी. नेरच्या स्टॅन्डवर रोज चा पेलो. कधी इचारलं नाई कोनाले."

"मी तिथीच होती मामा," सिस्टर म्हणाल्या. "स्टॅन्डच्या मांगं क्वार्टर होतं माहं."

"काय करत जाये तू?"

"नर्स होती. बाळंतपनं करत जाये. माय तशी गेली म्हणून त ते शिकली. पुरातून बी गेली मी खेड्यापाड्यात, खाटेवर घालून बाया आणल्या. माह्या हातची एक बाई गेली नाई मामा."

नामदेवराव उठले. रुमाल सोडून टेबलावर ठेवला. मला वाटलं निघाले. ते वाकले, एक हात खुर्चीला धरून सावकाश, आणि त्यांनी आपलं डोकं सिस्टरच्या पायावर ठेवलं. आमच्या भागात भाची लहान असो की म्हातारी, मामा तिच्या पाया पडतो. मला त्यात नवल नव्हतं. पण सिस्टरनी घाबरून पाय मागे ओढले. त्यांच्या पाया पडायला आजवर कोणी मामाच आला नव्हता.

"राहू दे," नामदेवराव खालूनच म्हणाले. "हे माहं हाय. पाय काढू नको."

सिस्टरनी पाय काढले नाहीत. त्या रडल्या, पोटभर रडल्या, आणि या वेळी मी पंख्याकडे गेले नाही. दारात सचिव साहेब उभे होते. पंख्याचं बटण त्यांनीच फिरवलं.

आता कोणी लग्नाची बातमी शोधायला आलं, की मी साल नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्या घरी लग्नं केव्हा लावतात? लोक चमकतात. त्यांना वाटतं, बाई कोणासाठी तरी स्थळ पाहून राह्यली. वाटू द्या. वर्षाला बारा महिने असतात आणि मी ते बाराही वाचते.